न उलगडलेला झेंडा

आमच्या घरात नोव्हेंबरच्या एक तारखेला मराठी बोलायला बंदी असायची. ही बंदी सरकारनं घातलेली नव्हती, अण्णांनी घातली होती. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. बेंगळुरात आमच्या घराण्याला तीनशेच्या वर वर्षं झाली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचे. कोणी एक पूर्वज फौजेबरोबर घोड्यावर बसून आला आणि परत जायचं विसरला, एवढाच आमचा इतिहास. पण कन्नड राज्योत्सवाचा दिवस उजाडला की हेच अण्णा रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्यायचे, आपल्या शिवणाच्या दुकानावर लाल-पिवळा कागदी झेंडा चिकटवायचे आणि आम्हा भावंडांना बजावायचे, "आज रस्त्यात सुम्मने राहायचं. तोंड उघडलंच तर कन्नड." सुम्मने म्हणजे गप्प. हा शब्द आमच्या घरात दिवसातून दहादा ऐकू यायचा.

खरं सांगायचं तर आमच्या वाटेला कधी कोणी गेलं नव्हतं. शेजारी चांगले होते, सणाला ताटं इकडून तिकडे जायची. पण बेळगावच्या बाजूला सीमेवरून काही पेटलं की पेपरात 'मराठी' हा शब्द यायचा आणि अण्णा तो पेपर उचलून गादीखाली सारायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमचा ब्रह्मराक्षस बेळगावहून बस पकडून यायचा.

त्यात आदल्या हिवाळ्यात शहरात खरोखरची दंगल झाली होती. कावेरीच्या पाण्यावरून तमिळ लोकांची दुकानं जळाली, घरं फुटली. आम्हाला कोणी बोटही लावलं नाही, तरी आठ दिवस आम्ही दार लावून बसलो. अण्णा गॅलरीच्या फटीतून धूर बघायचे आणि आत येऊन आईला सांगायचे, "आज त्यांच्यावर आलीय, उद्या आपल्यावर." मी चौदा वर्षांची होते. मला हे पटलं होतं आणि माझ्या मनात ते घट्ट बसलं होतं.

दुसऱ्या वर्षी मी दहावीत होते. शाळा सरकारी, कन्नड माध्यमाची, बसवनगुडीच्या जुन्या भागाला लागून. दगडी भिंती, उंच छत आणि त्या छतातून गळणाऱ्या पाण्याखाली ठेवलेल्या बादल्या. घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. आजूबाजूला इंग्रजी शाळा निघत होत्या, टाय लावलेली मुलं रिक्षांतून जायची, आणि आमच्या मुलांना वाटायचं की आपली शाळा म्हणजे उरलेल्यांची. मला मात्र शाळेचा गर्व होता. मी शाळेची लीडर होते, वर्गात पहिली यायचे, आणि माझं कन्नड वाचन सगळ्या मुलांत चांगलं असं आमचे कन्नडचे मास्तर स्वतः म्हणायचे.

शाळेची एक रीत होती. दर राज्योत्सवाला झेंडा फडकला की शाळेचा इतिहास मोठ्यानं वाचायचा. एक जुनी जाड वही होती, काळ्या कापडी पुठ्ठ्याची. महाराजांच्या काळात एका धर्मशाळेच्या ओसरीवर शाळा कशी सुरू झाली, प्लेगमध्ये ती कशी बंद पडली, पुन्हा कुणाच्या दानातून दगडी इमारत उभी राहिली, मुलींना कधी घेतलं, हे सगळं त्या वहीत होतं. जो नवा हेडमास्तर येईल त्यानं त्यात आपली एक-दोन वाक्यं घालायची. वाचायला दरवर्षी एक विद्यार्थी निवडत. त्या वर्षी मला निवडलं.

मी आनंदानं घरी सांगत आले तर अण्णांचा चेहरा उतरला. "दुसरं कोणी नव्हतं काय? शंभर जणांत उभं राहून वाचायचं, कशाला म्हणतो मी." आई म्हणाली, "पोरीला वाचू दे की. तिनं काय चोरी केलीय?" रात्री जेवताना मात्र अण्णांनी मला सगळा इतिहास दोनदा वाचायला लावला, कुठं अडखळते का ते बघायला.

आता झेंड्याचं. राष्ट्रीय सणांना झेंडा बांधायचं काम पीटी मास्तरांचं असे. पण राज्योत्सवाच्या सकाळी ते निवडक मुलांना घेऊन संचलनाला जायचे, म्हणून तो लाल-पिवळा झेंडा आमचे अटेंडर बांधायचे. शाळेचा शिपाई म्हणजे अटेंडर. सगळी मुलं त्यांना ताता म्हणायची, म्हणजे आजोबा. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे, खाकी शर्टाच्या खिशात खडू आणि विड्याची पानं एकत्र ठेवणारे. शाळेत त्यांची उभी हयात गेली होती आणि येत्या उन्हाळ्यात ते रिटायर होणार होते. ते तमिळ होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि दंगलीपर्यंत त्याचं कोणाला काही नव्हतं. दंगलीच्या दिवसांत हेडमिस्ट्रेसनी त्यांना सायन्सच्या खोलीची किल्ली दिली आणि ते बायकोला घेऊन काचेच्या बरण्यांमध्ये राहिले. त्यानंतर फाटकापाशी बसून तमिळ पेपर वाचायचं त्यांनी बंद केलं.

त्या सकाळी मी लवकर गेले. ताता खांबापाशी उभे होते आणि त्यांचा उजवा हात थरथरत होता. गेल्या वर्षापासून तो असा थरथरायचा. ते हात खिशात घालून लपवायचे, कारण खात्याच्या साहेबांच्या कानावर गेलं तर रिटायर होईपर्यंत कोणी टिकू देईल की नाही, अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "मगू, स्वल्प हात लाव. तू टेलरची पोर आहेस, तुझी बोटं चालतात." मगू म्हणजे लेकरा.

झेंडा कसा बांधतात ते सांगायला हवं. कापड घडी घालून आत फुलांच्या पाकळ्या ठेवतात, गुंडाळी करतात आणि दोरीनं अशी सरकती गाठ मारतात की खालून एक हिसका दिला की ती सुटते, झेंडा उलगडतो आणि पाकळ्या खाली पडतात. मी हे लहानपणापासून पाहत आले होते. केलं मात्र कधी नव्हतं.

मी घड्या नीट घातल्या. शेवंतीच्या पाकळ्या पसरल्या. गुंडाळी केली आणि गाठ मारली. माझं सगळं ध्यान इतिहासाच्या पहिल्या परिच्छेदाकडे होतं, मी मनात तो घोकत होते. हातांनी आपलं काम केलं. ते हात रोज संध्याकाळी दुकानात शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे बांधायचे. काज-बटणं करणाऱ्या बायकांकडे ते गठ्ठे सायकलच्या कॅरियरवरून जायचे, आणि अण्णांची गाठ अशी होती की जितकी ओढ बसेल तितकी ती आवळत जाई. खड्ड्यातून सायकल गेली तरी गठ्ठा सुटू नये म्हणून त्यांच्या वडिलांनी ती त्यांना शिकवली होती, आणि त्यांनी मला. मी झेंड्याला ती गाठ मारली.

तातांनी दोरी ओढून झेंडा वर नेला. मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. माझ्या मनात तेव्हा कसलीही शंका नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

पाहुणे आले. भागातले एक पुढारी, त्यांच्यामागे कन्नड युवक संघाची दहा-पंधरा पोरं, गळ्यात लाल-पिवळे रुमाल. पुढाऱ्यांनी दोरीला हिसका दिला. काही झालं नाही. त्यांनी हसून पुन्हा दिला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि थांबवल्या. तिसऱ्या हिसक्याला ते चिडले होते. तेव्हा माझ्या बोटांना एकदम कळलं. डोक्याच्या आधी बोटांना कळलं की आपण काय करून ठेवलंय, आणि माझी पाचावर धारण बसली. चौथ्या वेळी मागच्या दोन पोरांनी पुढे होऊन दोरी धरली, तिघांनी मिळून ओढली आणि वरून कापड फाटल्याचा आवाज आला. शिंप्याच्या घरातल्या माणसाला तो आवाज चुकत नाही. झेंड्याची एक बाजू शिवणीतून उसवून खाली लोंबायला लागली. दुसरी बाजू गाठीत तशीच होती. पाकळी एक पडली नाही.

"यारु कट्टिद्दु?" मागून एका पोरानं ओरडून विचारलं. कोणी बांधला?

हेडमिस्ट्रेस मेडम पुढे आल्या, त्यांनी पुढाऱ्यांची हात जोडून माफी मागितली आणि घाईघाईनं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी वाचायला सुरुवात करायची होती. डोक्यावर ते फाटकं लोंबतंय, समोर रुमालवाली पोरं दात-ओठ खात उभी, आणि मी वाचतेय की महाराजांच्या कृपेनं धर्मशाळेच्या ओसरीवर या शाळेचा आरंभ झाला. प्रत्येक शब्दाला मला वाटत होतं की आता कळणार. माझ्या तोंडून एक शब्द असा निघणार की त्यांना कळणार ही मराठी आहे, आणि मराठी पोरीनं राज्योत्सवाला झेंडा मुद्दाम फाडला. मी प्लेग वाचला, दगडी इमारत वाचली, सगळे हेडमास्तर एकामागून एक वाचले. एकदाही अडखळले नाही.

दुपारी पीटी मास्तरांनी खांबावरून झेंडा उतरवला. गाठ सुटेना म्हणून त्यांनी दोरीच कापली आणि फाटलेला झेंडा गाठीसकट एका पिशवीत घालून मेडमनी शिवायला पाठवून दिला. कोणाकडे? शाळेचे गणवेश जो शिवायचा त्याच्याकडे. म्हणजे अण्णांकडे. मी संध्याकाळी दुकानात गेले तर मशीन बंद होतं आणि अण्णांच्या मांडीवर ती गाठ होती. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. आपल्या बापाची गाठ माणूस ओळखतो.

"कोणी बघितलं?" ते म्हणाले.

"ताता होते. त्यांनीच हात लाव म्हटलं."

"आणखी?"

"कोणी नाही."

अण्णांनी कात्री घेतली आणि गाठीचे बारीक बारीक तुकडे केले. मग म्हणाले, "ऐक. कोणी काही विचारलं तर एकच सांगायचं, मला माहीत नाही. गोत्तिल्ल. तेवढंच. पुढं नाही, मागं नाही." मी म्हटलं, "पण अण्णा, चूक झाली, मुद्दाम कुठं केलंय? मेडमना सांगूया." तशी ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा पानवाला डोकावला. "चूक! चूक करायची सोय बाकीच्यांना. आपल्याला नाही." आणि लगेच आवाज उतरवून, "सुम्मने बस ग बाई. दहावीचं वर्ष आहे."

मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. गप्प बसायचा हुकूम मोठ्या माणसानं दिला की लहान माणसाला तो सोयीचाच असतो.

चार-पाच दिवस काही झालं नाही. पण शाळेत कुजबुज वाढत गेली. युवक संघानं शिक्षण खात्याकडे अर्ज केला होता, झेंड्याचा अपमान झाला म्हणून. कोणी म्हणे पोलीस येणार. कोणी म्हणे ज्यानं केलं त्याचं नाव पटावरून काढणार आणि परीक्षेला बसू देणार नाहीत. चोराच्या मनात चांदणं. फाटकाशी मोटार थांबली की मी बेंचखाली पाय घट्ट धरून बसायचे. ताता रोजच्यासारखी घंटा देत होते. पाणी भरत होते. व्हरांड्यात समोरासमोर आलो की ते मान वळवायचे आणि मीही. एकदा मात्र त्यांनी जाता जाता हळूच म्हटलं, "भ्यायचं नाही." कोणी भ्यायचं नाही, मी की ते, हे मला कळलं नाही. त्यांचाच चेहरा पांढराफटक होता.

मग एका दुपारी गणिताच्या तासाला मला मेडमच्या खोलीत बोलावलं. शिक्षण खात्याचे साहेब आले होते. जाड चष्मा, पुढ्यात फाईल, समोर मेडम आणि पीटी मास्तर. दाराशी हातात कॉफीचा ट्रे घेऊन ताता उभे. साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, किती टक्के मिळतात ते विचारलं. मग चष्मा काढून म्हणाले, "त्या दिवशी तू लवकर आली होतीस, फाटकावरच्या वॉचमननं पाहिलंय. झेंडा कोणी बांधला?"

गोत्तिल्ल म्हणायचं होतं. एवढं एक वाक्य मला पाठ होतं. पण वॉचमननं पाहिलंय म्हटल्यावर ते चालणार नव्हतं, हे माझ्या हुशार डोक्याला तिथल्या तिथं कळलं. 'मला माहीत नाही' म्हटलं तर खोटं उघडं पडेल, 'मी बांधला' म्हटलं तर सगळं संपेल. माझ्या डोळ्यांसमोर अण्णांच्या दुकानाची फळी पेटलेली दिसली, खरंच दिसली.

"अटेंडरनी," मी म्हटलं.

दाराशी ट्रेमधले कप वाजले.

साहेबांनी फाईलमध्ये काही लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "मुद्दाम बांधला का तसा?"

इथं मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्याला काही लागणार नव्हतं, माझ्यावर काही येणार नव्हतं. त्यांचा हात थरथरतो, चूक झाली असेल, एवढंही पुरलं असतं. पण अण्णांनी पढवलेलं वाक्य घशात तयार बसलं होतं, ते इथं बाहेर पडलं.

"गोत्तिल्ल सार."

मला माहीत नाही. तातांनी ट्रे टेबलावर ठेवला, कॉफी जराही न सांडता, आणि म्हणाले, "हौदु सार. नाने." हो साहेब, मीच. त्यांच्या कन्नडला तमिळचा सूर होता, तो त्या खोलीत मला पहिल्यांदा मोठ्यानं ऐकू आला, आणि मला वाटतं सगळ्यांनाच. साहेबांनी विचारलं, "तुमचं गाव?" त्यांनी तमिळनाडूतलं गाव सांगितलं. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

त्या क्षणापर्यंत मी माझ्या मराठीचाच विचार करत होते. ताता तमिळ आहेत आणि दंगलीला अजून वर्षही झालेलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. 'अटेंडरनी' म्हणताना मला ते ठाऊक होतं. कुठंतरी आत मला हेही ठाऊक होतं की हे नाव सांगितलं तर पुढे कोणी फार विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर रुमालवाली पोरं जमली. तमिळ अटेंडरनं मुद्दाम केलं, ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. ताता कामावर आलेच नव्हते. संध्याकाळी कोणीतरी सांगितलं की त्यांच्या भाड्याच्या खोलीची कौलं फोडली, बायको डोक्याला टाके पडून होसूरला बहिणीकडे गेली. आठवड्याच्या आत त्यांची बदली झाली, आनेकल तालुक्यातल्या एका शाळेत. रिटायर व्हायला सहा-सात महिने उरलेल्या माणसाची. नवा अटेंडर आला. त्यानं घंटा चुकीच्या वेळी दिली आणि सगळी मुलं हसली.

मी जेवणं सोडलं नाही, आजारी पडले नाही. अभ्यास केला. पण झोपेत ओरडायला लागले, आणि काय ओरडते ते आईनं एकदा नीट ऐकलं. सकाळी तिनं ते अण्णांना सांगितलं. मला वाटलं ते पुन्हा सुम्मने म्हणतील. त्यांनी दुकान उघडलं नाही. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी तुला माहीत नाही म्हणायला सांगितलं होतं. त्याचं नाव घे म्हणून नव्हतं सांगितलं." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मला त्यापेक्षा थोबाडीत खाल्लेली चालली असती.

आम्ही दोघं मेडमकडे गेलो. अण्णांनी स्वच्छ धुतलेला शर्ट घातला होता, शिक्षा ऐकायला निघाल्यासारखा. सगळं त्यांनीच सांगितलं. गाठ, गठ्ठे, कात्री, आणि शेवटी, "आम्ही मराठी माणसं, भ्यालो." मेडमनी दार लावून घेतलं. त्या अण्णांकडे अशा बघत होत्या, जणू त्यांना नीट समजलंच नव्हतं. "मराठी? त्याचं काय? मी घरी तेलुगू बोलते. तुमच्या मुलीचं नाव कोणाच्या मनातसुद्धा नव्हतं हो. चूक झाली म्हणून ती म्हणाली असती तर मी तिला दोन छड्या मारल्या असत्या आणि विषय संपला असता." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आता ऑर्डर निघालीय. आता हे कुठे बोलू नका. परीक्षेपर्यंत तरी."

म्हणजे त्यांनीही तेच सांगितलं, जरा सभ्य शब्दांत. पण त्यांनी एका चिठ्ठीवर आनेकलच्या शाळेचा पत्ता लिहून दिला.

रविवारी शाळा बंद असते म्हणून आम्ही शनिवारी सकाळी गेलो. मार्केटहून आनेकलची बस. वाटेत नाचणीची शेतं कापून झालेली होती. अण्णांनी मांडीवर नव्या शर्टाचं कापड धरलं होतं, खाकी. मी काय बोलायचं ते पाठ करत होते, आणि पाठ करतेय हे ध्यानात आल्यावर मला माझीच किळस आली.

शाळा लहान होती, दोन खोल्या आणि एक पंप. ताता पंपाशी घागर भरत होते. आम्हाला बघून ते उभे राहिले आणि आधी त्यांनी आमच्या मागं पाहिलं, आणखी कोणी आलंय का ते. मग घागर खाली ठेवली.

मी पाठ केलेलं काही बोलले नाही. "ताता, माझं चुकलं," एवढंच तोंडातून आलं आणि मी रडायला लागले. अण्णा कापड पुढे करून उभे राहिले. ताता ते घेईनात. शेवटी त्यांनी घेतलं, काखेत धरलं आणि पायरीवर बसले. मलाही बस म्हणाले.

"साहेबांनी तुला आधी विचारलं," ते म्हणाले. त्यांचा थरथरणारा हात मांडीवर उघडाच होता, इथं लपवायची गरज नव्हती बहुतेक. "मी ट्रे घेऊन उभा होतो ना, तेव्हा देवाला एकच सांगत होतो, मला आधी विचारू दे. मला विचारलं असतं तर मी तुझं नाव सांगितलं असतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"हो. ती पोर होती, तिनं बांधला, असं सांगितलं असतं. तिच्या बापाचं दुकान कुठं आहे ते सांगितलं असतं." त्यांनी अण्णांकडे पाहिलं, रागानं नाही, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं. "आणि हे लोक मराठी आहेत, हेही सांगितलं असतं. सगळं ठरवून ठेवलं होतं मी. तू पुढं गेलीस."

आत कोणी मास्तर हाक मारत होते, म्हणून ताता उठले, घागर उचलली आणि जाता जाता मला म्हणाले, "अभ्यास कर." घागरीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या खाकी पँटवर सांडत होतं.

ते खरं बोलले की माझं ओझं हलकं करायला तसं म्हणाले, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही ठरवता येत नाही. परतीच्या बसमध्ये अण्णांनी विचारलं, "स्वल्प बरं वाटलं का?"

मी हो म्हटलं. खरंच बरं वाटलं होतं. आणि त्या सगळ्या दिवसांत कशाची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या बरं वाटण्याची वाटली.